चार वाजताचा वारा

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन विहिणी एकत्र राहत होत्या, आणि त्यांचं एकदाही भांडण झालं नाही. दोघींना रीतभात माहीत होती. भांडायचं खातं माझ्याकडे होतं. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरी तेच काम मी फुकट करते.

सासूबाई जुन्या हैदराबाद संस्थानातल्या एका शेतकरी घरातल्या. लग्न होऊन हैदराबाद शहरात काचीगुड्याला आल्या, सगळा संसार तिथं केला, आणि आम्ही कुकटपल्लीला फ्लॅट घेतला तेव्हा आमच्याबरोबर इथं आल्या. फ्लॅट पाचव्या मजल्यावर, सगळ्यात वरचा. घेताना मी म्हटलं होतं, डोक्यावर कोणाच्या पायांचा आवाज नको. सासूबाई गच्चीवर जाऊन उभ्या राहिल्या, चपलेतून पाय काढून फरशीला लावला आणि लगेच परत घातला. म्हणाल्या, "आवाज नाही येणार, हौ. पण तवा येईल की डोक्यावर." पहिल्याच मे महिन्यात मला ते पटलं.

दुसरी माझी आई. ती कोकणातली, अगदी किनाऱ्यावरच्या गावची. आमच्या घराच्या पडवीतून समुद्र दिसत नाही, मधे माडांची एक वाडी आहे, पण ऐकू येतो. सासूबाईंना मी 'अहो आई' म्हणते आणि आईला 'ए आई', त्यामुळे घाईत नुसती 'आई' अशी हाक गेली की दोघी एकदम वळायच्या आणि मग एकमेकींना म्हणायच्या, "तुम्हालाच बोलावते आहे, विहीणबाई."

बाबा गेल्यावर दोन वर्षं आई त्या घरात एकटी राहिली. आदल्या पावसाळ्यात विहिरीच्या काठाशी घसरून पडली आणि तासभर तशीच पडून होती. हे मला शेजाऱ्यांकडून पंधरा दिवसांनी कळलं. मी डोक्यात राख घालून घेतली. इकडे ये, इकडेच राहा, असं तिला बजावत राहिले, आणि ती दर वेळी काहीतरी सबब काढत राहिली. आधी आंब्याचा मोहोर, मग काजू, मग देवळाचं रंगकाम. आणि एकदा एप्रिलच्या सुरुवातीला, मी काही म्हणायच्या आधीच, ती फोनवर म्हणाली, "येते गो मी. चांगली दोन महिने येते." मला वाटलं, जिंकले. हा उन्हाळा तिनं इथं काढला की ती कायमची राहील, असं मी ठरवूनच टाकलं. ठरवताना तिला विचारलं नव्हतं, पण माझ्या ठरवण्यात तशी पद्धत नसतेच.

घराला कुलूप लावून ती आली. आणि आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खिडक्यांचं प्रकरण सुरू झालं.

सासूबाईंचा उन्हाळा घड्याळावर चालतो. सकाळी नऊला सगळ्या खिडक्या बंद. पश्चिमेच्या बाल्कनीच्या दाराला जाड चादर टांगलेली, ती दुपारी दोनदा ओली करायची. ऊन उतरलं की गच्चीवर बादल्या नेऊन पाणी मारायचं, ते चरचरून उडून जायचं, पुन्हा मारायचं, आणि मगच खिडक्या उघडायच्या. अंघोळीच्या पाण्याचाही कायदा होता. पहाटे नळाला गार पाणी असतं तेव्हा बादल्या भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी त्याच वापरायच्या, कारण दिवसभर तापलेल्या टाकीचं पाणी दिवेलागणीनंतरही हात भाजेल असं येतं. बाहेर हवा निवलेली असते, गच्ची निवायला लागलेली असते, टाकी मात्र तशीच धगधगत असते. "जमीन जल्दी तापती, जल्दी उतरती," सासूबाई म्हणायच्या. "पाण्याला दोन्हीला टाइम लागतो. एवढं ध्यानात ठेवलं की गरमी काही वाकडं करत नाही."

आईच्या दृष्टीनं दिवसाढवळ्या खिडक्या लावलेलं घर म्हणजे माणसं मुंबईला निघून गेलेलं घर. आमच्या गावात अशी घरं पुष्कळ आहेत. ती तोंडानं काही बोलली नाही, विहीणबाईंच्या घरात विहीणबाईंचा कायदा. पण नऊला खिडक्या लागल्या की ती थोडी लहान झाल्यासारखी दिसायची. अंधारात बसून लसूण सोलायची, तांदूळ निवडायची, पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचायची. चार वाजेपर्यंत हे चालायचं. चारला ती उठायची, ओली चादर बाजूला करायची आणि पश्चिमेचं दार सताड उघडून समोर खुर्ची टाकून बसायची.

मे महिन्यात, दुपारी चारला, पश्चिमेचं दार! समोरच्या इमारतींच्या काचा, खालचा डांबरी रस्ता, गाड्यांचे पत्रे, सगळ्यांनी दिवसभर गोळा केलेली धग एकदम घरात यायची. सात तास जपलेला गारवा पाच मिनिटांत संपायचा.

सासूबाई बाहेर येऊन म्हणायच्या, "विहीणबाई, हवा गरम येऊ लागली का जरा?"

"येतो हो आता वारा," आई म्हणायची.

"हौ हौ. बसा तुम्ही. मी आपलं सहज विचारलं."

आणि मग दोघी मला बाजूला घेऊन आपापलं सांगायच्या. घरून काम असलं की मीटिंगमध्ये माइक बंद करून मी कॅमेऱ्यासमोर हसत असायची आणि मागून एक आई खूण करत असायची. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोपं आहे. तुझी आई पाणी, माझी आई जमीन." मी म्हटलं, "आणि तू एसी. आवाज करायचा, बाकी काही नाही." एसी आमच्या खोलीत होता. ती खोली आम्ही आईला देऊ केली होती, पण डब्यात कोंडल्यासारखं होतं म्हणून तिनं एका दुपारनंतर ती परत केली.

शेवटी एका रविवारी मी आईला समोर बसवून समुद्राचा वारा समजावून सांगितला. किनाऱ्यावर दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी पाण्यावरची गार हवा येते. म्हणून दुपारी वारा समुद्राकडून घराकडे. पहाटे जमीन निवलेली असते, पाणी अजून कोमट, म्हणून वारा घराकडून समुद्राकडे. इथं चारी बाजूंना शेकडो किलोमीटर जमीनच जमीन, सगळी एकदम तापते. वारा येणार कुठून आणि कशाला?

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "खारा वारा नि मतलई मला तू शिकवतेस? मतलईवर होड्या बाहेर पडायच्या, खाऱ्यावर परत यायच्या. अकराला सुरू होतो, चारला भरात असतो, तिन्हीसांजेला पडतो. तुझ्या पुस्तकात चार वाजल्याचं लिहिलंय?"

"मग माहीत आहे तर उघडतेस कशाला?"

तिनं लसणाची परडी पुढ्यात ओढली. मी ह्याला हट्ट असं नाव दिलं आणि पुढच्या कामाला लागले.

मेच्या मध्यावर सासूबाई काचीगुड्याला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेल्या. आम्ही दोघं ऑफिसात. साडेपाचला मी घरी आले तर बेल वाजवूनही दार उघडेना. माझ्या किल्लीनं उघडलं. आत भट्टी पेटल्यासारखी गरम हवा होती. एक नाही, घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. आई पश्चिमेच्या दारासमोर खुर्चीत होती, मान एका बाजूला, चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. मी हाक मारली. तिनं डोळे उघडले आणि मला ओळखायला तिला वेळ लागला.

तो वेळ मी विसरणार नाही. एवढासाच होता, पण तेवढ्यात मी तिला पुरती गमावून बसले होते.

ओल्या टॉवेलात तिला गुंडाळलं, मानेला, काखेला गार पाणी लावलं, पंख्याखाली आडवी केली. खालच्या दवाखान्यातले डॉक्टर वर आले. ती नीट बोलायला लागली तशी त्यांनी मीठसाखरेचं पाणी घोट घोट द्यायला सांगितलं आणि म्हणाले, अजून तासभर गेला असता तर इस्पितळातच न्यावं लागलं असतं. ते गेले आणि मी आईवर ओरडायला लागले. जीव घाबरला की मी ओरडते, मला दुसरं काही येत नाही. तुला मरायचंय का, बाबा गेले तेवढं पुरे नाही का, असं काहीतरी मी बोलले. आई छताकडे बघत पडून होती.

सासूबाई सातला आल्या. हातात बारशाच्या घुगऱ्यांचा डबा. सगळं ऐकल्यावर त्या आईला रागावतील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वाजता उघडल्या खिडक्या?"

"चारला," मी म्हटलं. "चारलाच. रोजच्यासारख्या."

सासूबाई आईकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तू जा, चहा ठेव. आणि ओरडू नक्को. तुझ्या ओरडण्यानंच घर जास्ती गरम व्हायलंय."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला दारावर टकटक ऐकू आली. आमच्या नाही, आईच्या दारावर. "विहीणबाई, उठा. इथला वारा आत्ता येतो."

मी उठून पाहिलं. सासूबाईंनी घरभर खिडक्या उघडल्या होत्या. बाल्कनीत दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, कुठूनतरी दुधाच्या क्रेटचा आवाज येत होता. आणि खरोखरच वारा होता. आदल्या दिवशी जी जमीन भाजून काढत होती ती पार निवून गेली होती. सासूबाईंनी आईच्या खांद्यावर शाल टाकली. मे महिन्यात शाल! आई हसली. दीड महिन्यात मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती.

"आमच्याकडे ह्या वेळेचा वारा घरातून निघून जातो हो," ती म्हणाली. "पाण्यावर."

"इथं कुठं जाईल?" सासूबाई म्हणाल्या. "इथंच फिरतो बिचारा. बसा."

मग ते रोजचं झालं. पहाटे पाचला दोघी बाल्कनीत, पुढ्यात चहा, आत नळाखाली बादल्या भरत असायच्या. बादली भरली की जी जवळ असेल ती उठायची. त्यांच्या बोलण्याचा आवाज मला अंथरुणात यायचा, शब्द कळायचे नाहीत. मला हेवा वाटायचा. माझी आई माझ्याशी गॅस, गोळ्या आणि भाजी ह्यांच्यापलीकडे बोलत नव्हती. मीही तिच्याशी बोलत नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी मी पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबले, कारण आई बाबांबद्दल बोलत होती.

"त्या दिवशी वारा पडलेला होता सकाळपासून. असं होतं कधीकधी. ह्यांना धाप लागलेली. म्हणाले, खिडकी उघड. मी म्हटलं, उघडीच आहे हो. तर म्हणाले, मग वारा का येत नाही? म्हटलं, येईल आता, चार वाजले, चारला येतोच. त्यांच्याजवळ बसले, पदरानं वारा घालत होते. सव्वाचार झाले, पुढे झाले. आणि मग पडदा हलला बघा. मी पडद्याकडेच बघत होते. म्हटलं, आला हो, आला वारा. आणि वळून बघते तर..."

बादली भरून वाहत होती, कोणीच उठलं नाही.

"किती वेळ आधी गेले तेसुद्धा मला ठाऊक नाही," आई म्हणाली. "मी पडद्याकडे बघत होते."

मी पाणी न पिता खोलीत परत आले. मला हे माहीत नव्हतं. बाबा दुपारी गेले, झोपेत गेल्यासारखे गेले, एवढं मला फोनवर कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले आणि कामाला लागले. दाखला, बँक, भटजी, पाहुण्यांची जेवणं, कोणाला आणायला कोण जाणार, सगळं मी केलं. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी पडवीत लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले होते. नातेवाईक म्हणाले, मुलगी किती खंबीर आहे. मला ते आवडलं होतं. मला वाटायचं, मी लवकर तापते तशी लवकर निवतेही, आणि आई मात्र दोन वर्षं झाली तरी तिथंच. तिनं काय पाहिलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. आणि ह्या दीड महिन्यात रोज चार वाजता मी तिला सांगत होते की वारा येणार नाही.

त्या शनिवारी मी घरी होते. चारला पाच मिनिटं कमी असताना मी ओली चादर बाजूला केली आणि पश्चिमेचं दार उघडलं. दोन खुर्च्या टाकल्या. सासूबाई आपल्या खोलीच्या दारात आल्या, माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "हौ. उघड. मी झोपलेय," आणि दार लावून घेतलं.

आई बाहेर आली. "हे काय गो?"

"बस," मी म्हटलं.

ती बसली. मी शेजारी बसले. गरम हवा तोंडावर येत होती. भिंतीवरचं कॅलेंडर एकदा फडफडलं आणि थांबलं. खाली कोणीतरी पाण्याचा पाइप लावून गाडी धूत होतं. चार वाजले. चार वाजून दहा झाले. मला बाबांची धाप ऐकू यायला लागली. मी ती कधी ऐकली नव्हती, तरी ऐकू यायला लागली. बाबा चिडले की शेवटचा शब्द दोनदा म्हणायचे. वारा का येत नाही, येत नाही, असं म्हणाले असतील.

"ए आई," मी म्हटलं. आणि मी रडायला लागले. कोणाच्या मयताला गेल्यावर रडतात तशी रीतसर नाही, तर नाक गळेपर्यंत, श्वास अडकेपर्यंत, लहान मुलीसारखी. मी बाबांसाठी रडले नव्हते. दोन वर्षांत एकदाही नाही. मला वाटत होतं, ते उरलेलंच नाही.

आईनं माझं डोकं मांडीवर घेतलं. तिचा हात माझ्या केसांतून फिरत होता, घामानं चिकट झालेला. तिनं मला गप्प केलं नाही. पुष्कळ वेळानं मी उठून बसले, तेव्हा तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, उठली, आणि पश्चिमेचं दार स्वतःच्या हातानं लावलं. चादर नीट ओढून घेतली.

"आता जाते मी घरी," ती म्हणाली. "पावसाच्या आत. घर उघडायला हवं."

मी लगेच सुरू झाले. विहीर, घसरणं, एकटीनं राहणं, तुझ्यासाठीच तर मी हे सगळं, तू इथंच...

"अगो, ऐक," ती म्हणाली. "विहिरीला कठडा बांधून घेईन. शेजारची रोज हाक मारून जाईल. माझं चाललंय तिथं. चारला बसते, वारा येतो, बरं वाटतं. मी माझ्यासाठी नव्हते आले."

"मग?"

"दोन वर्षं तू फोनवर गॅस संपला का विचारतेस, गोळ्या घेतल्या का विचारतेस. बाबा हा शब्द तुझ्या तोंडून येत नाही. मार्चमध्ये विहीणबाईंचा फोन आला. म्हणाल्या, पोरगी वरवर हसती, पण अजून रडली नाही हो, मला भीती वाटायलीय, तुम्ही या. म्हणून आले. नाहीतर ह्या असल्या उकाड्यात मी कशाला आले असते गो इथं?"

आणि मी मात्र ऑफिसात, शेजारीपाजारी, सगळ्यांना सांगत होते की आईला एकटं राहवत नाही, म्हणून तिला माझ्याकडे आणलंय.